मागची गादी

पद्मराज वकिलांनी फटफटी घेतली ही बातमी फटफटीच्या आधी निपाणीत पोचली. १९३७ सालचा मे महिना होता. बेळगावच्या कँपातला एक गोरा कॅप्टन विलायतेला परत निघाला होता, त्याची ही बीएसए. वकील ती स्वतः चालवत घेऊन आले, तेव्हा वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायका हातातलं काम टाकून रस्त्यावर आल्या. वकिलांनी आपल्या गल्लीत एकदम तीन फेऱ्या मारल्या. लोक म्हणाले, काय तोरा बघा. खरी गोष्ट अशी होती की गाडी थांबवायची कशी हे कॅप्टननं शिकवलेलं पद्मराज ऐन वेळी विसरला होता. चौथ्या फेरीला ती आपोआप बंद पडली, म्हणून अब्रू राहिली.

फटफटीची गरज मात्र खरी होती. पद्मराजचं कोर्ट चिकोडीला, घरापासून पंधरा मैलांवर. पाच वर्षं तो सर्व्हिस मोटरीनं जात-येत होता. ती मोटर भरल्याशिवाय हलत नसे, त्यामुळे सकाळी पोचायला बारा वाजत आणि न्यायाधीशांच्या शिव्या खाव्या लागत. संध्याकाळी कोर्ट सुटे पाच वाजता आणि मोटर निपाणीला पोचे अंधार पडल्यावर. आणि या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी अन्नाचा घास घेत नसे. म्हणजे आठवड्यातले चार दिवस चांगला कमावता वकील उपाशी झोपायचा. त्याची आई अंबुबाई, जिला घरातले सगळे आक्का म्हणत, तिच्या जिवाला हे फार लागायचं. "घे बाबा ती तुझी फटफटी," असं शेवटी तिनंच म्हटलं होतं.

त्याच आठवड्यात घरी एक पत्र आलं. ते राजमतीच्या नावाचं होतं. राजमती पद्मराजची बायको. लग्नाआधी बेळगावात मामाकडे वडगावात राहून ती व्हर्नाक्युलर फायनल पास झाली होती आणि वर्षभर मास्तरणीचं ट्रेनिंगही तिनं केलं होतं. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नव्हतं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, आणि न बोलणंच फार मोठं होऊन बसलं होतं. चिकोडीच्या मुलींच्या मराठी शाळेत एक जागा निघाल्याचं ऐकून तिनं अर्ज टाकला होता, फारशी आशा न धरता. आता उत्तर आलं होतं: सात जूनपासून रुजू व्हावं. शाळेची वेळ अकरा ते पाच, म्हणजे कोर्टाचीच.

"मोटरीनं जाणं व्हायचं न्हाय," त्या दिवशी पानावर वाढता वाढता राजमती म्हणाली. बोलत होती ती आक्कांशी, पण सांगत होती नवऱ्याला. "पन फटफटीला मागं गादी हाय न्हवं?"

पद्मराजचा घास हातातच राहिला. त्याला वाटलं, आता आक्का नाक मुरडणार आणि विषय आपोआप मिटणार. आक्का म्हणाली, "मग जाऊ दे की रं तिला. एवढी शिकलीया ती काय माझ्यासंगं तांदूळ निवडाय व्हय? दोगं संगं जावा, संगं या. दिवस मावळायच्या आत पानावर आलासा म्हंजे झालं."

राजमतीच्या चेहऱ्याकडे त्या क्षणी बघायला हवं होतं. पद्मराजनं बघितलं आणि त्यालाही क्षणभर बरं वाटलं, हे खोटं नाही.

"पन एक," आक्का पुढे म्हणाली. "जेवनाचा डबा चामड्यात न्यायचा न्हाय. ती गोऱ्याची पिशवी मी गोठ्यात टाकलीया."

कॅप्टननं गाडीबरोबर आपली जुनी चामड्याची पिशवी फुकट दिली होती. त्यात त्यानं काय काय बाळगलं असेल या नुसत्या कल्पनेनं आक्काला दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. गाडीचं बसायचं खोगीरही चामड्याचंच आहे हे पद्मराजनं तिला दाखवलं. त्यावर ती म्हणाली, "त्याच्यावर तू बसनार हायस, भाकरी न्हाय." या युक्तिवादाला कुठल्याही कोर्टात उत्तर नव्हतं.

तेव्हा नवी काहीतरी सोय बघायची ठरली. राजमतीनं त्याच दिवशी कागदावर यादी केली. खटल्यांचं दप्तर, कायद्याची दोन जाड पुस्तकं, धुळीनं पांढरा होऊ नये म्हणून घडी करून न्यायचा काळा कोट, गाळलेल्या पाण्याचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या, आणि दोन डबे. 'दोन' हा आकडा तिनं जरा मोठा काढला होता.

इथंच सगळं सुरळीत व्हायला काही हरकत नव्हती. पण दोन दिवसांनी पद्मराज चिकोडीला गेला आणि वकिलांच्या खोलीत एक थट्टा ऐकून आला. गावात सरकारी बांधकामांवर देखरेख करणारा एक ओव्हरसियर नवीन आला होता. तोही फटफटीवाला, आणि बायकोला मागे बसवून बाजारातून फिरायचा. उपेंद्रराव म्हणून एक जुने वकील होते, ज्यांची जीभ कोर्टापेक्षा खोलीतच जास्त चालायची. ते म्हणाले, "बघितलंत का? पुढं ओव्हरसियर, मागं हेड ओव्हरसियर. साहेब गाडी हाकतात, हुकूम मागनं सुटतो." खोलीभर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं पद्मराज हसला. हसता हसता त्याला आठवलं. सात जूनला याच बाजारातून, याच लोकांसमोरून, आपण राजमतीला घेऊन येणार. त्या दिवशी खोलीत काय विनोद होईल तो त्याला आत्ताच ऐकू येऊ लागला.

माणूस वाईट नव्हता. बायकोवर हात उगारणाऱ्यांतला नव्हता, तिला तोडून बोलणाऱ्यांतलाही नव्हता. पण चारजणांच्या हसण्याला तो भयंकर भ्यायचा. आणि भ्यालेला माणूस साळसूदपणे काय करून बसेल ते सांगता येत नाही.

रविवारी तो बेळगावला खडेबाजारात गेला. तिथं मारुतीराव जीनगराचं दुकान होतं. कँपातल्या घोड्यांची खोगिरं करण्यात त्याच्या बापाची हयात गेली. मारुतीरावाच्या वेळेला घोडे कमी झाले आणि फटफट्या आल्या, म्हणून तो त्यांची खोगिरं आणि पिशव्या करू लागला. पिशवी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी पिशवी दाखवायची नाही, आधी गाडीभोवती फिरून प्रश्न विचारायचे, ही त्याची रीत होती.

"रोज किती मैल?"

"जाऊन येऊन तीस."

"रस्ता?"

"खडीचा. खड्डे हायत."

"न्यायचं काय काय?"

पद्मराजनं राजमतीची यादी वाचून दाखवली. दोन डब्यांपाशी तो अडखळला आणि एकच डबा वाचला.

मारुतीरावानं सुतळीनं मागच्या चाकाची मापं घेतली आणि उभा राहत विचारलं, "मागं कोन बसनार हाय काय?"

प्रश्न धंद्याचा होता. त्यात काही काळंबेरं नव्हतं. पद्मराजला सरळ 'घरची मंडळी' एवढं म्हणायचं होतं. पण मारुतीरावाच्या मागे दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती ऐकत होती. तो म्हणाला, "न्हाय, कोन न्हाय. मी एकटाच असतो."

मारुतीरावानं तीन प्रकार दाखवले. पहिल्या चामड्याच्या, चाकाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या. पद्मराजनं मान हलवली तेव्हा तो लगेच समजला. "जैन न्हवं? मग ह्या घ्या," म्हणत त्यानं मिल्ट्रीच्या घाटाच्या, जाड खाकी कॅनव्हासच्या, मेण दिलेल्या पिशव्या काढल्या. "याचं पट्टं तेवढं चामड्याचं हायत. ते काढून पलंगाच्या निवारीचं लावून देतो, बकलं पितळी. चामड्याचा कपटा लागू देनार न्हाय. एका बाजूला दप्तर, एका बाजूला डबा. वजन सारखं, गाडी डोलनार न्हाय, आन मागची गादी मोकळी ऱ्हाती. उद्या कोन बसलंच तर?"

"आनि तिसरा प्रकार?"

"तिसरी पत्र्याची पेटी. शेजारच्या ट्रंकवाल्याकडनं करून बसवून देतो. पन तुमाला सांगतो वकीलसाहेब, पेटी नका घेऊ. ती बसवायची तर मागची गादी काढाय लागती. आन तुमच्या रस्त्याला तिचं बूड दिसभर वाजत ऱ्हाईल."

पद्मराज बराच वेळ त्या खाकी पिशव्यांवरून हात फिरवत उभा राहिला. आक्काचा नेम त्यात सांभाळला जात होता, राजमतीची जागा सांभाळली जात होती. सांभाळली जात नव्हती ती फक्त उपेंद्ररावांसमोरची त्याची मान.

"पेटीच करा," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा काळ्या रंगाची, पितळी कडीची पेटी मागे बसलेली होती आणि गादी काढून दुकानातच दिलेली होती. राजमती अंगणात आली. पेटीभोवती एक फेरी मारून तिनं विचारलं, "गादी?"

"काढाय लागली," पद्मराज म्हणाला. "दोनच प्रकार मिळत्यात. चामड्याच्या पिशव्या, न्हायतर पेटी. चामडं आपल्याला चालत न्हाय. मग काय करनार?"

"कापडाच्या न्हाईत व्हय? मिल्ट्रीच्या असत्यात की. कँपातल्या सोजरांच्या गाड्यांना बगितल्यात मी."

"त्याच्या पट्ट्यांना चामडं असतंय."

हे खरं होतं. अर्धं खरं बोलण्यात वकिलाचा हात कोण धरणार!

राजमती हार मानणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, पेटी काढू, गादी परत बसवू, सामानाची पिशवी मी मांडीवर घेऊन बसते. पद्मराजनं समजावलं: पंधरा मैल खड्ड्यांतून एका बाजूला बसायचं, एका हातानं गाडी धरायची, दुसऱ्यानं पदर, मग ते दप्तर आणि पुस्तकं कशानं धरणार? पडलीस म्हणजे? तो इतक्या काळजीनं बोलला की त्याचं त्यालाच पटलं.

मग आक्का उठून बाहेर आली. दाराच्या चौकटीला धरून ती म्हणाली, "माझ्या नेमापायी अडत असंल तर ऱ्हाऊ दे माझा नेम. ने चामड्यात. डबा कापडात गुंडाळून देत जाईन. तिची नोकरी जायला नको."

आजवर आक्कानं एकाही नेमाला तडा जाऊ दिला नव्हता. आजारपणातसुद्धा दिवस मावळल्यावर तिनं पाणी घेतलं नव्हतं. ती आज सुनेसाठी एवढं बोलली होती. बोलायची हीच वेळ होती. 'आक्का, तुझ्या नेमाचा काही संबंध नाही, तिसरा प्रकार आहे,' एवढं म्हटलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती.

पद्मराज म्हणाला, "न्हाय आक्का. तुझा नेम मोडून आमाला काय करायची नोकरी?"

आणि राजमतीही म्हणाली, "खरं हाय. माझ्यापायी तुमचा नेम नको."

आक्काचे डोळे भरून आले. मुलगा आपला किती मान राखतो असं तिला वाटलं असणार.

राजमतीनं नकाराचं पत्र लिहिलं. 'घरच्या काही अडचणींमुळे जागा स्वीकारता येत नाही, क्षमस्व.' अक्षर तिचं छापल्यासारखं होतं. मग तिनं पेटी आतून पुसली, जुन्या पातळाचं दुहेरी अस्तर शिवून आत बसवलं, दप्तराला एक कप्पा आणि डब्याला एक कप्पा केला, म्हणजे वस्तू एकमेकींवर आपटणार नाहीत. सात जूनला त्या पेटीतून चिकोडीला गेलं ते तिचं पत्र, आणि एक डबा.

पद्मराजला वाटलं होतं, चार-दोन महिन्यांत घडी बसेल. बायका विसरतात. राजमती काही बोलली नाही, रागावली नाही, पूर्वीसारखीच सकाळी उठून भाकऱ्या थापत होती. फक्त संध्याकाळी तो आल्यावर 'आज काय झालं' असं विचारायची तिची सवय मोडली. आधी ती कोर्टातल्या एकूण एक गोष्टी खोदून विचारायची. आता ती पेटी उघडून डबा काढायची आणि मोरीकडे जायची.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! त्याच श्रावणात ओव्हरसियरची बदली झाली. हेड ओव्हरसियरचा विनोद वकिलांच्या खोलीत कुणाला आठवेनासा झाला. उपेंद्रराव दुसऱ्या कुणाच्या तरी टकलावर घसरले. ज्या हसण्याला भिऊन पद्मराजनं एवढं केलं, ते हसणं तीन महिनेसुद्धा टिकलं नाही. कोर्टाच्या अलीकडच्या वळणावर मुलींची शाळा होती. रोज सकाळी तिथून जाताना त्याला संकेश्वरहून आलेल्या नव्या बाई दिसायच्या, दारात उभ्या राहून मुलींना आत घेणाऱ्या. मागे पत्र्याची पेटी खडखडत असायची. त्याला लाज वाटायची. तो गाडी जोरात काढायचा, म्हणजे पेटी आणखी वाजायची.

तीनदा त्याच्या मनात आलं की खडेबाजारात जावं, त्या खाकी पिशव्या घ्याव्यात, गादी परत बसवावी. शाळेत पुन्हा कधी जागा निघेलच. पण पिशव्या घरी आणायच्या म्हणजे आधी त्या होत्या हे सांगावं लागणार. तीनदा तो बेळगावच्या वाटेवर संकेश्वरापर्यंत गेला आणि काहीतरी निमित्त काढून परतला.

भाद्रपद आला. दहा दिवसांचं पर्व संपलं आणि क्षमावणीचा दिवस उजाडला. त्या दिवशी जैन माणूस वर्षभरातल्या चुकांची सगळ्यांकडे क्षमा मागतो. लहान मोठ्याकडे, आणि मोठाही लहानाकडे. बस्तीतून, म्हणजे जैन देवळातून, दर्शन करून आल्यावर घरातली तिघं पुढच्या सोप्यात समोरासमोर उभी राहिली. आक्कानं सुनेपुढे हात जोडले.

"राजमती, उत्तम क्षमा. बोलल्या-चालल्याचं सोड. पन तुझी नोकरी माझ्या नेमापायी गेली. ती मला क्षमा कर."

"असं काय म्हनतासा आक्का," राजमती म्हणाली आणि तिनं त्या म्हातारीचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. "केली क्षमा. तुमची काय चूक न्हाय."

पण 'तुमची काय चूक न्हाय' हे ती समजूत घालायच्या सुरात म्हणाली. आपल्या नेमामुळेच जागा गेली हे आक्का मानत होती, आणि तेव्हा राजमतीही मानत होती. मग पद्मराजची पाळी आली. त्यानं हात जोडले आणि सगळे म्हणतात तसं म्हटलं, "कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा कर." त्यातला 'नकळत' तेवढा मोठ्यानं म्हटला.

त्याच दिवशी आक्कानं गूळ सोडला. मनाला काही टोचत असलं की आवडीचा एखादा रस सोडायचा, ही तिची जुनी रीत. ऐन गुळाच्या मुलखात जन्मलेली बाई, भाकरीबरोबर गुळाचा खडा नसला तर तिचं जेवण व्हायचं नाही. तो तिनं जन्माचा सोडला. "का सोडलास?" असं पद्मराजनं विचारलं तेव्हा म्हणाली, "पोरीचा तळतळाट नको बाबा. ती करनार न्हाय, तरी पन." त्यानंतर रोज पानावर बसलं की पद्मराजला आधी आईचं पान दिसायचं. भाकरी, कोरड्यास, आणि जिथं गुळाचा खडा असायचा तिथं काही नाही. तो घाईघाईनं जेवण उरकायचा.

दुसऱ्या वर्षी क्षमावणीला आक्कानं पुन्हा तेच मागितलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा. दिलेली क्षमा तिला पुरतच नव्हती. तिसऱ्या वर्षी राजमतीच्या बोलण्यात मात्र काहीतरी बदललं होतं. "आक्का, तुमची काय बी चूक न्हाय," ती ठासून म्हणाली, आणि म्हणताना ती आक्काकडे बघत नव्हती, पद्मराजकडे बघत होती. पद्मराजनं मान खाली घातली. चौथ्या वर्षीही ती तशीच बघत राहिली. त्याला वाटलं, आपल्याला उगीच भास होतो. चोराच्या मनाला असे भास व्हायचेच.

लढाई सुरू झाली होती. एकेचाळीसच्या उन्हाळ्यात आक्का तापानं पडली आणि आठव्या दिवशी गेली. शेवटच्या दिवशी शुद्धीवर होती. तोंडाला चव नाही म्हणाली, म्हणून पद्मराजनं गुळाचं पाणी करून आणलं आणि हातात भांडं घेऊन उभा राहिला. तिनं नुसती मान हलवली. त्या वेळी तरी सांगायला हवं होतं. खोलीत शेजारपाजारच्या बायका होत्या, बस्तीतले पंडितजी होते. चारजणांसमोर पद्मराजला ते जमलं नाही. तो भांडं घेऊन परत फिरला आणि मोरीत ओतून आला.

पुढे पेट्रोलला कूपनं आली. फटफटी गोठ्यात गेली आणि वकील पुन्हा सर्व्हिस मोटरीनं जाऊ लागले. पुन्हा चार दिवस उपाशी झोपू लागले, आणि आता त्याचं वाईट वाटून घेणारं घरात कुणी नव्हतं.

त्या भाद्रपदात आक्काशिवायची पहिली क्षमावणी आली. बस्तीतून आल्यावर दोघंच सोप्यात समोरासमोर उभी राहिली. मधे एक जागा रिकामी राहिली होती, सवयीनं. राजमतीनं हात जोडले, "उत्तम क्षमा. काय चुकलं असंल तर पोटात घाला."

पद्मराजचा नेहमीचा 'कळत-नकळत' ओठांपर्यंत आला, पण त्यानं तो म्हटला नाही. तो खाली बसला.

"राजमती, ऐक. मला सांगायचंय."

ती समोर बसली. त्यानं सगळं सांगितलं. वकिलांच्या खोलीतली थट्टा, कॅनव्हासच्या पिशव्या, निवारीचे पट्टे, मारुतीरावानं विचारलेला प्रश्न आणि आपण दिलेलं उत्तर. एकही गोष्ट त्यानं गाळली नाही. साक्षीदाराला उलटतपासणीत फोडतात तसा तो स्वतःच फुटला. चार वर्षं पोटात धरलेलं बोलून झालं तेव्हा त्याला रडू येत होतं, आणि जरा हलकंही वाटत होतं.

ती म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"कवापासनं?"

"एकूनचाळीसच्या उन्हाळ्यात मामाच्या पोरीच्या लग्नाला गेलते न्हवं. तवा खडेबाजारात वळकटीचा पट्टा घ्याय गेलते. निपाणीची म्हनल्यावर त्या मारुतीरावानं तुमची चौकशी केली. म्हनला, पेटी लई वाजती का? म्या नको म्हनत हुतो, कॅनव्हासच्या पिशव्या दावल्या हुत्या, निवार लावून देतो म्हनलं हुतं. पन साहेब म्हनलं, मागं बसनारं कोन न्हाय, मी एकटाच असतो." ती थांबली. "मी म्हनलं, व्हय, ते एकटंच असत्यात."

पद्मराजला वर बघवेना.

"मग बोलली का न्हाईस? दोन वर्सं!"

"काय बोलू? आक्कांना कळलं असतं की पोरानं आपल्या नेमाच्या आड लपून असं केलं. त्या म्हातारपनी त्यांनी काय केलं असतं? वाटलं, तुमी सांगशिला. तुमच्या तोंडनं ऐकून त्यांचं मन मोकळं व्हईल. दोन क्षमावण्या मी वाट बगितली. त्या हात जोडत्यात, आनि मी तुमच्या तोंडाकडं बगतीया."

म्हणजे तो भास नव्हता.

"चुकलो," पद्मराज म्हणाला. त्यानं खरोखरच हात जोडले, आणि या वेळी कुठलंही ठरलेलं वाक्य म्हटलं नाही. "माझं चुकलं. तुझी नोकरी मी घालवली. मला क्षमा कर."

राजमतीनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"केली," ती म्हणाली. "माझं काय, नोकरी गेली ती गेली. मी तुमाला कवाच क्षमा केली. पन ज्यांची मागायची हुती त्या चार वर्सं तुमच्याच म्होरं हात जोडून उभ्या ऱ्हायल्या, आनि तुमी त्यांना तसंच जाऊ दिलं. आनि मी बी. मला ठाऊक असून मी बी गप बसले. त्यांची आता कशी मागायची, सांगा. तुमी वकील हायसा."

एवढं बोलून ती उठली. उन्हं कलली होती, स्वयंपाक व्हायचा होता. आतून तिनं चूल पेटवल्याचा वास आला.

पद्मराज सोप्यात बसून राहिला. दारावरून जाणारे लोक हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणत होते आणि तो बसल्या जागेवरून हात जोडत होता. गेलेल्या माणसाची क्षमा कुणाकडे मागायची, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढेही कधी कळलं नाही.